शाल्मलीच्या लग्नाला न येण्याबाबत

॥ श्री ॥

जे. पी. नगर, बंगलोर
१३ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. ताईस,

त्रिविक्रमचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाय आणि गुडघे ही दोन तीन वर्षांपासून बिनपगारी रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या सहांचा नमस्कार पूर्ण मानून घ्यावा. आशीर्वादात मात्र कपात करू नये.)

इकडे सर्व क्षेम आहे. हेमलताची पित्ताची तक्रार कमी आहे, माझी तक्रार करण्याची सवय तेवढीच आहे. तुझी पाठदुखी कशी आहे? सुहासरावांची साखर आटोक्यात आहे ना, की लाडवांची चव बघण्याचं काम त्यांनी लग्नघरात स्वतःकडेच घेतलं आहे? तू अजूनही आंबा खात नाहीस असं शाल्मलीकडून कळलं. मी पायांनी चालत तुझ्या घरी येईपर्यंत तू आंब्याला हात लावणार नाहीस, असं देवापुढे बोललीस, त्याला तीन मोसम झाले. लहानपणी माझ्या वाटणीची कोयसुद्धा चोखून पांढरी करून मगच मला परत देणारी तू. पण नवसाचा विषय नाजूक असतो, तेव्हा त्यावर मी या पत्रात काहीही लिहिणार नाही.

नव्या व्याह्यांना तू माझ्याबद्दल काय सांगितलं आहेस तेही कळलं. 'दैवाचा घाला' वगैरे शब्द कृपा करून वापरू नकोस, ताई. दैवाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह गळत होता, प्लंबर गुरुवारी येतो म्हणाला होता, आणि मला मंगळवारी सकाळीच आपण इंजिनिअर असल्याची आठवण झाली. शिडी सरकली, मी खाली आलो, पाठीचा कणा मोडला आणि आतल्या मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचा सगळा कारभार बंद पडला. (गुरुवारी प्लंबर खरोखरच आला. बंगलोरात प्लंबर सांगितल्या दिवशी आल्याचं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि नेमका तेव्हा मी घरी नव्हतो.)

असो. तुझं पत्र परवा मिळालं. तू लिहितेस की एवढ्या लांबून दगदग करून येऊ नकोस, तुला तसं खुर्चीत बघून मला भर मांडवात रडू आवरणार नाही, मामा म्हणून विद्याधर उभा राहील, आणि तुला लग्नाची कॅसेट पाठवू. मला हे अगदी पटलं. वाईट तर मुळीच वाटलं नाही. (पत्र मी चार वेळा वाचलं असं हेमलता म्हणते. तुझं अक्षर लागत नाही, दुसरं काही कारण नाही.) शाल्मलीला मामा एकच, तो मी, हे खरं. नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी राहायचं, हे मामाचं काम, हेही खरं. पण आपला चुलतभाऊ विद्याधर उंच आहे, त्याच्याकडे सफारी आहे आणि त्याचे दोन्ही पाय चालतात. तो शाल्मलीला गेली आठ वर्षं 'शर्मिला' म्हणतो ही बारीकशी गोष्ट आहे. मंगलाष्टकं चालू असताना त्याला कोणी हाक मारायला सांगणार नाही.

तुझा निर्णय किती बरोबर आहे हे काल आमच्याकडे तुळशीच्या लग्नातही सिद्ध झालं. दरवर्षीप्रमाणे हेमलताने वृंदावन रंगवलं, बोरं-आवळे मांडले, आणि तुळशीचा मामा म्हणून ऊस उभा केला. ऊस आमच्या मार्केटातला होता, धट्टाकट्टा, माझ्यापेक्षा दीड हात उंच, पण सोडला की आडवा. मग हेमलताने त्याला सुतळीने गॅलरीच्या गजाला बांधलं, खाली दोन विटांचा टेकू दिला, तरी एका मंगलाष्टकाला तो बाळकृष्णावर कोसळला. तो सावरेपर्यंत सगळे थांबले, परत बांधला, लग्न पुढे चालू झालं. कोणी उसाला म्हणालं नाही की तुला दगदग होते, तू बाजारातच राहा. मी आपला खुर्चीत बसून अक्षता टाकत होतो. मनात काही आलं नाही, सहज लिहिलं.

आता मी घराबाहेर पडलो की काय काय होतं ते तुला सविस्तर कळवतो, म्हणजे मला न बोलावल्याबद्दल तुझ्या मनाला थोडीही टोचणी राहणार नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळात मठ्ठा म्हणजे मी, हे तू स्वतः पाहिलं आहेस. एकोणीस वर्षं गणपतीच्या जेवणावळीत मठ्ठा मी वाढला. कोणाला आलं चालत नाही, कोण दुसऱ्यांदा नको म्हणतं आणि वाटी मात्र पुढे करतं, हे मला तोंडपाठ होतं. पडल्यानंतर पहिल्यांदा मंडळात गेलो ते गेल्या वर्षीच्या गणपतीत. तर आमचे चिटणीस विश्वासराव (माणूस सोन्यासारखा, पण भाषण सुरू झालं की सगळ्यांना पळता भुई थोडी होते) त्यांनी मला दारातच अडवलं आणि चार जणांना हाका मारल्या. चौघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि कल्याण मंटपाच्या (इथे मंगल कार्यालयाला असं म्हणतात) स्टेजवर नेऊन ठेवलं. मग विश्वासरावांनी मी कसा सर्वांचं प्रेरणास्थान आहे ते वीस मिनिटं सांगितलं. मी प्रेरणा मिळेल असं काय केलं होतं म्हणशील तर शिडीवरून पडलो होतो.

इथे एक तांत्रिक माहिती देणं भाग आहे. एका जागी बसून राहिलं की माझ्यासारख्यांच्या कातडीला जखमा होतात, आणि त्या आम्हाला कळत नाहीत. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बूड जरा वेळ अधांतरी धरायचं, असं हॉस्पिटलात शिकवलेलं आहे. विश्वासरावांचं भाषण रंगात आलं आणि माझी वेळ झाली. मी उचललो गेलो तशी पहिली रांग घाबरून ओरडली, बसा, बसा, उठू नका. विश्वासरावांना वाटलं मी आभार मानायला उठतोय, त्यांनी माइक माझ्या तोंडासमोर धरला. एक आजी हात जोडून रडायला लागल्या. मी खाली बसलो तेव्हा हॉलभर असा उसासा सुटला की मला उगाच अपराधी वाटलं. नंतर शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि सगळे जेवायला मागच्या हॉलात गेले.

सगळे म्हणजे सगळे, ताई. चौघांतल्या प्रत्येकाला वाटलं की उरलेले तिघं मला खाली उतरवतील. हेमलता आत बायकांच्या हळदीकुंकवात अडकली होती, तिला वाटलं मी पुरुषांच्या पंगतीत आहे. स्टेजवर मी, गणपती आणि कोणाची तरी राहिलेली चप्पल. आतून ताटांचे आवाज येत होते, मठ्ठा आला, मठ्ठा आला अशी हाळी ऐकू येत होती, आणि वासावरून मला कळत होतं की ज्याने कोणी केलाय त्याने हिंग जास्त टाकलाय. मला दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते (तुला लिहायला लाज कसली, माझे लंगोट तूच वाळत घातले आहेस), तिची वेळ टळून चालली होती. मी दोनदा हाक मारली. मग नारळ मांडीवर घेऊन गप्प बसलो. तुला खरं सांगतो, हॉस्पिटलात सहा महिने उताणा पडून होतो तेव्हासुद्धा मला जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं त्या स्टेजवर शाल पांघरून वाटलं. अर्ध्या तासाने मंटपाचा रखवालदार दिवे बंद करायला आला, त्याने हाकाटी केली, मग पुन्हा तेच चौघं धावत आले, हातात जिलबी घेऊन. फार ओशाळले बिचारे. विश्वासरावांनी तर तिथल्या तिथे मला संक्रांतीच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद देऊन टाकलं.

त्यानंतर ऑफिस सोडलं तर मी कुठे गेलो नाही. संक्रांतीलाही नाही. (शाल घरपोच आली. आतापर्यंत चार झाल्या आहेत.) हेमलता समजूत घालून थकली. मे महिन्यात तुझी लेक सुट्टीला आली, ती समजूत घालण्याच्या भानगडीत पडली नाही. तिने सरळ विचारलं, मामा, तू चालता येत नाही म्हणून घरात बसलायस की रुसलायस म्हणून? मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने एका पोस्टकार्डाच्या पाठीमागे स्कूटरचं चित्र काढून माझ्यासमोर ठेवलं. बिनगिअरची स्कूटर, सगळे ब्रेक हातात, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन चाकं. पुण्यात कोणाकडे तरी तिने पाहिली होती. चित्र बेकार होतं, चाकं अंड्यासारखी आली होती. पण मला त्यातल्या आसाचं गणित चुकलेलं दिसलं, आणि गणित चुकलेलं दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही हे त्या पोरीला पक्कं माहीत आहे.

ते काम येसाजींनी केलं. येसाजींचं इथल्या लालबागेच्या मागे लेथचं दुकान आहे. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगलोरला आले असं ते सांगतात, आणि तेव्हापासून पुण्याकडे परत जायला त्यांच्या घराण्यात कोणाला सवड झालेली नाही. मी मोठ्या कागदावर, मिलिमीटरमध्ये, तीन बाजूंनी ड्रॉइंग करून दिलं. त्यांनी ते बघितलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, अण्णा, कागद राहू देत की, तुम्ही बसा स्वल्प, तुमच्या अंगालाच सरी करून देतो. (स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरोबर.) आणि शिंपी माप घेतो तसं माझं माप घेतलं. मागे खुर्ची घडी करून अडकवायला कप्पा केला, आमच्या उंबऱ्यासाठी एक उतरती फळी करून दिली, आणि पहिल्या दिवशी स्कूटरला लिंबू-मिरची बांधून मला रस्त्यावर सोडलं. तीन वर्षांनी मी एकटा जे. पी. नगरच्या रस्त्यावर होतो. मला कोणी ढकलत नव्हतं. वाटेत एका रिक्षावाल्याने मला शिवी दिली, ती मी घरी येऊन हेमलताला जशीच्या तशी कन्नडमध्ये म्हणून दाखवली, इतका मला आनंद झाला होता.

पण एक गोष्ट येसाजींच्याही लक्षात आली नव्हती आणि माझ्या मिलिमीटरच्याही. या स्कूटरला मागे जाता येत नाही. इतर माणसं पाय टेकवून ढकलतात. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत एका गल्लीत वळलो, आणि गल्ली पन्नास फुटांवर एका भिंतीत संपली. समोर भिंत, दोन्ही बाजूंना कुंड्या, वळायला जागा नाही. मी हॉर्न वाजवला. बाजूच्या घरातून एक सद्गृहस्थ बाहेर आले. घरावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी होती, आणि हल्ली या कॉम्प्युटरवाल्या पोरांमुळे इथे जागेसाठी एवढी झुंबड आहे की दारात थांबलेला प्रत्येक जण त्यांना भाडेकरूच वाटतो. त्यांनी स्कूटरजवळ येऊन माझी मुलाखतच सुरू केली. कुठल्या कंपनीत, शाकाहारी का, घरी माणसं किती, पाहुणे फार येतात का. मी काही बोलायच्या आत कावेरीचं पाणी कोणत्या दिवशी येतं ते सांगितलं, सपोटाचं, म्हणजे आपल्या चिकूचं, झाड दाखवलं, घरमालकिणीला बोलावून कॉफी मागवली.

ताई, तीन वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येकाने पायांबद्दल विचारलं होतं. काही हालचाल आहे का, केरळात एक वैद्य आहेत ते माहीत आहेत का, रात्री झोप लागते का. या माणसाने मला विचारलं की मी स्वयंपाकात लसूण वापरतो का. मी त्यांच्या सगळ्या प्रश्नांची मनापासून उत्तरं दिली. माझी सचोटी, माझी नोकरी (कारखान्याने मला परत घेतलंय, ड्रॉइंग ऑफिस तळमजल्यावर आणलंय, हे तुला मागेच लिहिलं होतं), माझे सासरे, सगळं सांगितलं. त्यांना मी फार आवडलो. चाळीस मिनिटांनी ते म्हणाले, चला, वर येऊन खोल्या बघा. तेव्हा कुठे मला आपण काय करतोय ते आठवलं. मी म्हटलं, जिना चढता येत नाही, आणि घर नकोय, मला फक्त उलटं फिरवून हवंय. मग दोघा नवरा-बायकोने स्कूटरचं मागचं अंग उचलून मला रस्त्याच्या दिशेला तोंड करून दिलं, आणि ते हळहळून म्हणाले की तळमजला गेल्याच महिन्यात दिला हो, नाहीतर तुम्हालाच दिला असता. अजून रस्त्यात भेटले की हात करतात.

यंदाच्या गणपतीत मी विश्वासरावांना आधीच निरोप पाठवला, शाल नको, बादली द्या. त्यांनी घरी येऊन तासभर माझी समजूत घातली. लोक काय म्हणतील, तुम्ही वाढणार आणि आम्ही बसून खाणार, आम्हाला घास उतरेल का. मी म्हटलं, एकोणीस वर्षं उतरला. हेमलताने एकच अट घातली, आमटी, वरण, रस्सा, गरम कशालाही हात लावायचा नाही, कारण मांडी भाजली तर मला ते कळणार नाही आणि निस्तरावं तिला लागेल. मठ्ठा गार असतो. तेव्हा मांडीवर मठ्ठ्याची स्टीलची बादली, तिच्याभोवती पट्टा आवळलेला, उजव्या हातात ओगराळं आणि डाव्या हाताने चाक. हल्ली पंगत टेबलांवर असते, त्यामुळे माझी उंची बरोबर जमते. उलट माझी पाठ वाकत नाही आणि इतर वाढपी दुसऱ्या रांगेत कंबर धरतात. एका हाताने चाक फिरवलं की खुर्ची वर्तुळात फिरते हे मात्र मी विसरलो होतो. पहिल्या रांगेला मी मठ्ठा वाढला त्यापेक्षा त्यांच्याभोवती प्रदक्षिणाच जास्त घातल्या.

दुसऱ्या रांगेत जम बसला. तिसऱ्या रांगेत घोटाळा झाला. तिथली फरशी धुण्याच्या सोयीसाठी मोरीकडे उतरती केलेली आहे हे चालणाऱ्याला कधी कळत नाही. मला कळलं. मी, खुर्ची आणि बादली अशी आमची वरात आपोआप निघाली, आणि यंदाचे प्रमुख पाहुणे, कोणी निवृत्त कर्नल होते, त्यांच्या टेबलावर जाऊन थांबली. अर्धं ओगराळं त्यांच्या नव्या कोऱ्या शालीवर गेलं. विश्वासरावांचा चेहरा बघवत नव्हता. कर्नलसाहेबांनी शालीचं टोक जिभेला लावलं आणि म्हणाले, आलं छान लागलंय, आता थोडा वाटीत द्या.

आणि तेवढ्यात मागून गोजराबाईंचा आवाज आला. मंडळातल्या सगळ्यात जुन्या बाई, ब्याऐंशी वर्षांच्या, गेल्या वर्षी मी उचललो गेलो तेव्हा हात जोडून रडणाऱ्या त्या याच. त्या ओरडल्या, अहो त्रिविक्रम, लक्ष कुठंय तुमचं? आमची रांग काय कोरडीच उठायची का आज? किती वेळ वाटी पुढे करून बसलेय मी.

ताई, मला तीन वर्षांत कोणी रागावलं नव्हतं. डॉक्टर नाही, ऑफिसात साहेब नाही, हेमलतासुद्धा नाही. मी चाक फिरवून त्यांच्याकडे गेलो आणि दोनदा मठ्ठा वाढला, तिसऱ्यांदा त्या नको म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांना वाटलं मिरचीचं असेल. मग बाकीचेही सुरू झाले, मठ्ठा इकडे, अहो मठ्ठा, या पोराला अजून मिळाला नाही. त्या दिवशी मी दोनशे दहा पानं वाढली, तीन वेळा बादली भरून घेतली, शर्ट कोपरापर्यंत ताकात भिजला, आणि सगळ्यांत शेवटी वाढप्यांच्या पंगतीत जेवलो. दुसऱ्या दिवशी खांदे एवढे दुखत होते की ऑफिसला दांडी मारली. म्हणजे दगदग होते हे तुझं म्हणणं खरंच आहे.

तेव्हा हे असं आहे. मी बाहेर पडलो की कुठे भिंतीत जाऊन अडकतो, कोणाची शाल खराब करतो, चांगल्या कार्यात लोकांची त्रेधा उडवतो. शाल्मलीचं लग्न एकदाच होणार, तिथे हा धोका कशाला. बाकी सगळं भेटीत बोलू असं पत्राच्या शेवटी लिहिण्याची रीत आहे, पण भेट व्हायची नसल्यामुळे ते लिहीत नाही. सुहासरावांना नमस्कार, शाल्मलीला आणि जावईबापूंना उदंड आशीर्वाद. कॅसेट जपून पाठवावी.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
त्रिविक्रम

ता. क. हेमलताने हे पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं की तिकिटं काढून आठवडा झाला ते यात कुठे आहे. तेव्हा ते लिहितो. आम्ही दोघं अकरा डिसेंबरला पुण्याला पोचतो. दोन्ही खालचे बर्थ मिळाले आहेत. गाडीच्या संडासात माझी खुर्ची जात नाही, म्हणून माझ्या चार तासांच्या कामासाठी बर्थभोवती पडदा लावणार आहोत. चार शालींचा छान पडदा होतो, काल घरी लावून बघितला.

ता. क. दुसरा. तुझ्या पत्राआधी दहा दिवस शाल्मलीचं पत्र आलं होतं, म्हणून ही तिकिटं. तिच्यावर रागावू नकोस. पत्रात मायना नाही, मजकूर नाही, नुसती मापं आहेत. ब्लाउजचं माप द्यायला गेली होती, ती शिवणबाईंची टेप मागून घेऊन तशीच हॉलवर गेली. मोठं दार चार फूट. बोहल्याच्या पायऱ्या दोन, सात-सात इंचांच्या. तळमजल्यावर वऱ्हाडाची एक खोली, ती तिने माझ्या नावावर लावून ठेवली आहे. तिथल्या संडासाचं दार सव्वीस इंच. खाली लिहिलंय, तुझी खुर्ची पंचवीस आहे, मी मे महिन्यात मोजली होती, कोपरं आत घे. मला आतापर्यंत पुष्कळ नारळ मिळाले, ताई, पण लग्नाच्या गडबडीत माझ्यासाठी संडासाचं दार मोजणारी ही एकच निघाली.

ता. क. तिसरा. सुहासरावांनी एक फळी करून ठेवावी. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, सव्वा इंच जाड, खाली मधोमध एक टेकू, कडेला पट्टी. ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. (कागद राहू देत असं त्यांनी म्हणू नये, ते येसाजी नाहीत.) मला खुर्चीसकट कोणीही उचलायचं नाही, मांडवात कितीही उत्साही पुतणे असले तरी. शाल्मली माझ्या खांद्याला धरून चालेल, मी तिच्याबरोबर फळीवरून वर जाईन आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी असेन. मधे एकदा मी हातांवर उचलला जाईन, तेव्हा कोणी अक्षता टाकायच्या थांबू नयेत. विद्याधरला वाईट वाटू नये म्हणून त्याला मांडवात शाल आणि श्रीफळ द्यावं. शाल मी आणतोच आहे.

ता. क. शेवटचा. नवसाबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, पण पत्र पेटीत टाकायला निघालो आणि उंबऱ्यावरून परत फिरलो. मी चालणार नाही, ताई. डॉक्टरांनी हे मला तीन वर्षांपूर्वी स्वच्छ सांगितलं, मी तुला आज सांगतो आहे, आधी सांगायला हवं होतं. तू वाट बघत राहिलीस आणि मी बघू दिली, एवढी माझी चूक. मी चालणार नाही, पण मी ऑफिसला जातो, मठ्ठा वाढतो, लोकांच्या शिव्या खातो आणि आता भाचीच्या लग्नाला येतो आहे. देवाला तू माझ्यासाठी जे मागितलंस ते मला बरंचसं मिळालं आहे. यंदाच्या रसपुरी आंब्याच्या वड्या हेमलताने करून ठेवल्या आहेत, डबा मी माझ्या मांडीवरून आणणार आहे. तुझ्या पाया पडायला मी वाकलो तर थेट तुझ्या पायांवरच येईन, म्हणून त्या दिवशी दारात तू खाली वाक. मी तुला एक वडी भरवीन. मग हवं तेवढं रड.